निम्मा करंट

थांबारावांची आणि माझी ओळख एका मुंगीच्या डोळ्यामुळे झाली, आणि तो डोळा मी फोडला.

खरा डोळा नव्हे. ती मुंगी बिचारी केव्हाच देवाघरी गेली होती आणि मेल्यावर तिला सोन्याचा मुलामा मिळाला होता. जिवंतपणी साखरेच्या कणासाठी मार खाल्ला, मेल्यावर अंगभर सोनं. माणसांतही असं होतं, पण तिला निदान भाषणं तरी ऐकावी लागली नाहीत. मी फोडला तो तिच्या डोळ्याचा फोटो.

झालं असं, की आमच्या संस्थेची माहितीपुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तळघरात इलेक्ट्रॉनवर चालणारा सूक्ष्मदर्शक आहे, त्यावर चार ओळी खरडा, असं वरून फर्मान आलं. मी खाली गेलो, दार ढकललं, बाहेरच्या बोळातली चाकाची एक लोखंडी खुर्ची अंधारात चाचपडत आत ओढली आणि बारशाला आल्यासारखा ऐसपैस बसलो. समोरच्या पडद्यावर तो डोळा वरून खाली एकेक ओळ करत उमटत होता. पोळ्याच्या घरांसारखी बारीक बारीक घरं, एकाला एक लागून. मी नीट दिसावं म्हणून खुर्चीसकट पुढे सरकलो, आणि खालचा अर्धा डोळा कुणीतरी पदर धरून ओढल्यासारखा एका बाजूला वाकला.

"थांबा!"

त्या माणसाने मला उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द. मी एक पाय हवेत धरून थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी मीच विचारलं, "पाय खाली ठेवू का?"

"आता ठेवा नाहीतर डोक्यावर घ्या. फोटो गेला."

या 'थांबा'मुळेच संस्थेत सगळे त्यांना थांबाराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. जिन्यावरून धावत जाणाऱ्याला थांबा, कपाट ढकलणाऱ्याला थांबा, दाराशी फोनवर बोलणाऱ्याला थांबा. माणूस मात्र रागीट नव्हता हो. किडकिडीत, कानाला मफलर, कारण खोली थंड ठेवावी लागे. पायात रबरी सपाता. कंगवा प्लॅस्टिकचा, स्टूल लाकडाचं, पट्ट्याला बक्कल नाही, पट्टाच नाही, पँट नाडीवर. खिशात किल्ली नाही. घराची किल्ली बायकोकडे. "लोखंडाचा भरवसा नाही," म्हणायचे, एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

त्यांचं यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीची एक नळी. वरून इलेक्ट्रॉन सोडायचे, वाटेत तारांच्या वेटोळ्यांतून वीज खेळवून चुंबक तयार करायचं, त्या चुंबकाने इलेक्ट्रॉनांची धार हवी तिथे वळवायची आणि खाली ठेवलेल्या मुंगीवर, स्क्रूवर, केसावर ती फिरवायची. धार जिथे जिथे फिरेल तिथलं चित्र पडद्यावर. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. फोटो फोडणाऱ्याला त्यांनी एवढं सांगावं यातच त्यांचा स्वभाव आला.

"विजेचा कण गप्प बसलेला असला ना," ते म्हणाले, "तर तो चुंबकाला ओळखत नाही आणि चुंबक त्याला ओळखत नाही. पण तो उठून चालायला लागला की त्याच्याभोवती स्वतःचं चुंबकत्व फेर धरतं. आणि दुसऱ्याच्या फेऱ्यात सापडला की धक्का खातो."

"पुढे ढकलतं?"

"पुढे नाही, मागे नाही. कायम आडवं. चुंबक वेग वाढवत नाही, कमी करत नाही, म्हणायला गेलं तर कसलंच काम करत नाही. नुसती वाट वाकडी करतं."

"म्हणजे आपल्या संचालकांसारखं."

थांबारावांनी थोडा विचार केला. "नाही. चुंबक बसलेल्या माणसाला त्रास देत नाही."

एके काळी या खोलीत वैभव होतं म्हणे. इस्पितळांतून, कॉलेजांतून, एका स्क्रूच्या कारखान्यातून नमुने यायचे. थांबारावांनी काढलेले फोटो वरच्या मजल्यांवर काचेत लावले होते: धूळ, माणसाचा केस, तुटलेल्या तारेचं टोक. धूळ इतकी सुंदर दिसे, की झाडूवाल्या बाई त्या फोटोवरची धूळ पुसताना जरा थबकत. मग इमारतीत लिफ्ट आली.

लिफ्ट थांबारावांच्या खोलीच्या बाजूला आली, आणि तिच्या विजेच्या तारा खोलीच्या भिंतींतून गेल्या. त्या दिवसापासून लिफ्ट हलली की तारांतून करंट धावायचा, करंटाभोवती चुंबकत्व, आणि त्या चुंबकत्वाने नळीतली इलेक्ट्रॉनांची धार थरथरायची. सरळ कडांना करवतीचे दात यायचे. मुंगीचा डोळा शाळकरी पोराने कात्री चालवल्यासारखा दिसायचा. स्क्रूच्या कारखान्याने एकदा तोंडावर विचारलं, "अहो, आमच्या स्क्रूला आटे आम्हीच पाडतो, तुम्ही कशाला पाडता?" आणि नमुने पाठवणं बंद केलं.

रात्री काम करावं तर इमारतीला कुलूप. रविवारी लिफ्टमधून फर्निचर चढायचं. थांबाराव मग दोन खेपांच्या मधल्या फटीत फोटो काढायला शिकले. भिंतीला कान लावून बसायचे आणि लिफ्ट निवली की बटण दाबायचे. पडद्यावरच्या थरथरीवरून त्यांना लिफ्टमधली माणसं कळायची. "ही बारीक थरथर म्हणजे टायपिस्ट बाई एकट्या. आणि ही बघा, ही हिशेब विभागाची. चौघंही चहाला निघाले." मी वर जाऊन पाहिलं, तर खरोखरच हिशेब विभागात शुकशुकाट. हे कौशल्य काय कामाचं म्हणाल तर कशाच्याच नाही.

खरं दुखणं काय हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा दुरुस्तीवाला मीटर घेऊन आला तेव्हा कळलं. त्याने खोलीभर मीटर फिरवला आणि सांगितलं की करंट नेणारी तार या भिंतीत आहे आणि परत आणणारी त्या भिंतीत. मधे तुमची खोली. दोन्ही तारा एकत्र बांधलेल्या असत्या तर एकीचं चुंबकत्व दुसरीने खोडलं असतं, कारण एकीत वीज जाते आणि दुसरीत उलटी येते. बाहेर काही उरलंच नसतं. दोघींना वेगळं केलंत, म्हणून दोघी छळतायत.

त्यानंतर थांबारावांनी अर्ज करायला सुरुवात केली. 'लिफ्टच्या चुकीच्या जोडणीमुळे', अशी सुरुवात असायची. आणि मौज अशी की त्यांना कुणीच विरोध केला नाही. विरोध झाला असता तर माणूस भांडला असता, चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. संस्थेच्या इमारतीचे इंजिनिअर म्हणाले, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. संचालक म्हणाले, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. प्रत्येक अर्जाला 'योग्य आहे' असं उत्तर आलं, आणि दर उत्तरागणिक भिंतीवर काहीतरी नवीन चढलं. आधी रंग, मग लाकडी फळ्या, मग पलीकडच्या बाजूने सभागृहाचा संगमरवर.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे, कोपऱ्यात वहिनींचं शिवणयंत्र. मी बसायला खुर्ची ओढली आणि सवयीने थबकलो. वहिनी हसल्या.

"बसा हो भाऊजी, इथे फोटो निघत नाहीत. पण आमच्याकडे पंखासुद्धा यांना विचारून फिरतो. लेक आठवड्यातून एकदा फोन करते. पहिला प्रश्न काय? जावई बरे आहेत का? छे! तुमच्या इमारतीत लिफ्ट कुठल्या अंगाला आहे?"

"विचारलं तर काय बिघडलं?" थांबाराव म्हणाले.

"काही नाही बिघडलं. भिंतीतल्या दोन तारा जवळ आणायला जन्म घालवलात. घरातल्या दोन माणसांचं काय?"

थांबारावांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं आता काही गोड बोलतील. ते म्हणाले, "दोन इलेक्ट्रॉन शेजारी शेजारी एकाच दिशेने धावले ना, तर चालण्यामुळे एकमेकांना जरासे ओढतात."

"बघा!" मी म्हटलं. "वहिनी, ऐका."

"पण मूळचं ढकलणं जास्त असतं," थांबाराव म्हणाले. "कितीही जोरात धावा. ते पुरून उरतं."

वहिनींनी शिवणयंत्राचं चाक फिरवलं. "चहा आणखी घेणार का?" असं त्यांनी मला विचारलं. त्यांना नाही विचारलं.

मग समिती आली. म्हणजे येणार असं ठरलं. जुनी यंत्रं ठेवायची की मोडीत काढायची हे ठरवायला तीन माणसं नेमली, आणि यादीत थांबारावांचं यंत्र पहिलं. यंत्र गेलं तर खोली जाणार. आणि थांबारावांची बदली ग्रंथालयाच्या दाराशी, लोकांच्या पिशव्या ठेवून घेऊन बिल्ले देण्याच्या खिडकीत. हे त्यांना इंजिनिअरांनीच आपुलकीने सांगितलं. "काम हलकं आहे," असंही म्हणाले.

मी म्हटलं, "थांबाराव, सोपं आहे. समिती खाली असताना लिफ्ट बंद ठेवू. मी स्वतः वर उभा राहतो. चित्र स्वच्छ दाखवा, खोली वाचवा."

"आणि तारा?"

"तारांचं नंतर बघू."

"चित्र स्वच्छ दिसलं तर तारांचं कोण बघेल?"

"आणि थरथरलं तर?"

 दोन्हीकडून मरण होतं आणि आम्हाला दोघांनाही ते दिसत होतं. चित्र चांगलं दिसलं तर तक्रार खोटी, वाईट दिसलं तर यंत्र निकामी. शेवटी थांबाराव म्हणाले, "ठेवा बंद." मला आपला मोठा विजय झाल्यासारखं वाटलं.

समितीच्या अध्यक्षाबाईंचे गुडघे दुखत, म्हणून त्या लिफ्टनेच उतरल्या. त्या खोलीत शिरताच मी वर धावलो, संस्थेच्या जुन्या वायरमनकडून लिफ्ट बंद करून घेतली, 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली आणि जिन्याने परत खाली येऊन दाराशी उभा राहिलो. दुरुस्ती कशाचीच चालू नव्हती, पण त्या पाटीवर संस्थेत सगळ्यांची श्रद्धा होती.

आत पडद्यावर नवीन मुंगी होती. थांबारावांनी धार सोडली आणि डोळा उमटायला लागला. इतका शांत, की मी श्वास धरला. एकेक घर कोरल्यासारखं. घरांच्या मधून एकेक केस उभा. ते स्टुलावर पुढे वाकून बसले होते आणि त्यांचे हात बटणांवरून मांजरीच्या पाठीवरून फिरावेत तसे फिरत होते. इतकी वर्षं हा माणूस लिफ्टच्या फटीत जगला, त्याला आज पहिल्यांदा अख्खा डोळा मिळाला होता.

"वा!" अध्यक्षाबाई म्हणाल्या. "अहो, हे तर झकास चाललंय. मग हे एवढे अर्ज कसले? उगाच फायली वाढवता तुम्ही लोक. ती तारांची तक्रार बंद करून टाका हो," त्या इंजिनिअरांना म्हणाल्या.

"टाकतो," इंजिनिअर म्हणाले.

थांबारावांचे हात थांबले. मी दारातून खुणा केल्या: गप्प राहा, गप्प राहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, रबरी सपाता घासत माझ्या शेजारून जिन्याशी गेले आणि वर तोंड करून ओरडले, "वायरमन! सोडा लिफ्ट! चालू करा!"

वरती माणसं तिष्ठत होतीच. पाटी निघाली आणि सगळी एकदम आत शिरली असावीत. डोळा थरथरला, मग वाकला, मग त्याला खालपर्यंत दात आले.

"हे बघा," थांबाराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "हे रोजचं. यंत्र चांगलं आहे. दोन तारा एकत्र आणा, एवढंच मागतोय मी."

अध्यक्षाबाई समंजस होत्या. त्यांनी इंजिनिअरांना विचारलं, किती काम आहे? ते म्हणाले, दोन्ही भिंती फोडाव्या लागतील, सभागृहाचा संगमरवर जाईल, लिफ्ट महिनाभर बंद.

"लिफ्ट किती लोक वापरतात?"

"सगळीच."

"आणि हे यंत्र?"

इंजिनिअरांनी थांबारावांकडे पाहिलं. थांबाराव म्हणाले, "मी."

मग बाईंनी वायरमनला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला. पिकलेला माणूस, बोटांना काळी टेप चिकटलेली. "ही जोडणी कुणी केली?"

"माझ्या हातची आहे, बाईसाहेब."

"तारा वेगळ्या न्यायच्या नसतात हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक आहे."

"मग चूक तुमची."

वायरमनने थांबारावांकडे एकदा पाहिलं. थांबाराव पडद्याकडे तोंड करून एक बटण फिरवत होते. ते बटण कशाचंच नव्हतं. त्या बटणाची तार केव्हाच तुटलेली आहे, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. वायरमन म्हणाला, "असेल."

समिती वर गेली. लिफ्टने गेली. निर्णय संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबला नाही. यंत्र मोडीत, खोलीत जुन्या खुर्च्या. आणि थांबारावांचं म्हणणं योग्य होतं, असा शेरा.

मला वायरमन जिन्यात भेटला. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. म्हटलं, "नियम ठाऊक होता तर तारा वेगळ्या नेल्यात कशाला? एका माणसाचं आयुष्य गेलं त्यात."

तो पायरीवर बसला. "बसा," म्हणाला. "मी दोन्ही तारा एकाच पायपातून नेत होतो. साहेबांच्या खोलीच्या भिंतीतून. साहेब धावत बाहेर आले. 'एवढा सगळा करंट माझ्या भिंतीतून? वेड लागलंय काय? निम्मा तरी पलीकडे न्या!' मी सांगायला लागलो, तर म्हणाले, 'थांबा! मला शिकवू नका.' मी म्हटलं, जाऊ दे. एकाच इमारतीतला माणूस आहे, रोज तोंड बघायचं आहे. एक तार ठेवली, एक पलीकडे नेली. खूश झाले. मला चहा पाजला."

मी मनात हिशेब मांडला.  दोन्ही तारा एकत्र होत्या तेव्हा शून्य होतं. त्यातलं निम्मं कमी करायला गेले आणि सगळं पदरात पडलं.

"तुम्ही आत बोलला का नाहीत?"

"बोलून त्यांना पिशव्यांच्या खिडकीत आणखी खाली बसवू?" वायरमन टोपी झटकत म्हणाला. "इतकी वर्षं जिन्यात समोरून येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. एकदा येऊन म्हणाले असते ना, 'बाबा, माझं चुकलं, बांध त्या तारा', तर बांधल्या असत्या. तेव्हा नुसता गिलावा होता. एका दुपारचं काम."

मी तळघरात गेलो. दिवा लावलेला होता. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत दिवा पाहिला नव्हता. भिंती पिवळट होत्या आणि लिफ्टच्या बाजूच्या भिंतीवर, माणूस बसल्यावर कान येईल तेवढ्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. नळीतली हवा ओढून काढणारा पंप थांबाराव बंद करत होते. त्याची घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. मग पहिल्यांदा लिफ्टचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कुणीतरी एकटंच वर चाललं होतं. ते कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते मुंगी बाहेर काढून कागदाच्या पुडीत गुंडाळत होते.

"वायरमन भेटला होता," मी म्हटलं.

"हं."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"त्या मीटरवाल्याने तारांचं सांगितलं तेव्हापासून. तो इथेच उभा होता."

"अहो, मग तेव्हाच कुणाला तरी सांगायचं! गिलावाच होता तेव्हा. वायरमनला सांगायचं, मला सांगायचं, वहिनींना सांगायचं. ते सोडून इतकी वर्षं अर्ज कसले करत बसलात?"

थांबारावांनी पुडीची शेवटची घडी नखाने दाबून बसवली.

"सांगितलं असतं, तर अर्ज कुणाविरुद्ध करणार होतो?"